आधीची गादी

बोंडअळीनं कापूस खाल्ला तेव्हा अब्दुल रहीमला वाटलं, हे दुखणं शेतकऱ्यांचं आहे. आपल्याला ना शेत, ना बोंड. आपण पिंजारी. लोकांच्या दारात जायचं, त्यांचा कापूस पिंजायचा, गाद्या-रजया भरायच्या आणि पुढच्या गावाला लागायचं. पण दिवाळी गेली, संक्रांत गेली, शिमगा तोंडावर आला आणि अंजनगावच्या आसपासच्या चाळीस गावांतून लग्नाची एक गादी निघाली नाही, तेव्हा कुठं त्याच्या डोक्यात उजेड पडला.

वऱ्हाडात मुलीच्या आंदणातली गादी घरच्या कापसाची लागते. पहिल्या वेच्यातला पांढराशुभ्र कापूस बाजूला ठेवायचा, त्याची सरकी काढून आणायची आणि पिंजाऱ्याला बोलवायचं. त्या वर्षी पहिला वेचाच अळीनं खाल्ला. उरलं ते पिवळं, कवडी पडलेलं. ते गादीत कोण भरणार? ज्यांच्याकडे लग्नं होती ते तालुक्याच्या दुकानातून फोमची गादी उचलत होते. गुळगुळीत, हलकी, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेली. रहीम त्या दुकानासमोरून ॲपे नेताना मान वळवत नसे.

ॲपेच्या हौद्यात त्यानं पिंजायचं मशीन बसवलं होतं. गिऱ्हाइकाच्या घरातून वायर घ्यायची, अंगणात ताडपत्री अंथरायची आणि सुरू व्हायचं. त्याचे वडील हातानं पिंजायचे. त्यांनी पोराला धंद्याचे दोनच नियम शिकवले होते. पहिला, कापूस गिऱ्हाइकाच्या नजरेआड करायचा नाही. म्हणून घरची बाई पोतं टाकून, शेवटचा टाका पडेपर्यंत मशीनजवळ बसून राहायची. यानं कापूस बदलला, असं ज्या पिंजाऱ्याबद्दल एकदा बोललं जाई, त्याला पुढं कोणत्याही गावात कोणी पाणीसुद्धा विचारत नसे. दुसरा नियम, जुन्या गादीतून जे निघेल ते तिथंच विसरायचं. आणि गादीतून काय निघत नाही? नवऱ्यापासून लपवलेल्या नोटा निघतात. बाळंतपणाचे डाग निघतात, अंथरुणाला खिळलेल्या म्हातारीची दोन वर्षं निघतात. रहीमनं तीस वर्षांत एका घरची गोष्ट दुसऱ्या घरी नेली नव्हती.

या वर्षी मात्र नेण्यासारखी गोष्टच नव्हती. त्याची बायको हमिदा खोळी शिवायची आणि टाके घालायची. तिची लांब सुई डब्यात पडून गंजायला लागली होती.

"अकोल्यात जिनिंगवर मानसं घेऊन राहिले म्हनते," ती एक दिवस भाकर थापता थापता म्हणाली.

"घेत असन."

"खोकल्यावाल्याले घेतीन का पन?"

रहीमला त्याच वेळी खोकला आला. तीस वर्षांचा कापूस त्याच्या छातीत बसला होता. खोकून झाल्यावर तो म्हणाला, "अखजीलोक पाहू. हे लगीनसराई कोरडी गेली तं मशीन भंगारात देतो अन् जातो अकोल्याले. तिथं कापसाचे बोरे उचलीन."

अखजीला, अक्षय्य तृतीयेला, अजून अवकाश होता. हमिदानं तव्यावरची भाकर उलटली. ती जराशी करपली होती. तिनं ती स्वतःसाठी बाजूला ठेवली.

कॉलेजात दुसऱ्या वर्षाला असलेली त्यांची मुलगी तुबा दारात बसून फोन पाहत होती. ती म्हणाली, "अब्बा, रविवारी शिबिर हाये. छोट्या धंदेवाल्यांसाठी. फोनवरून गिऱ्हाईक कसं आनायचं थे शिकोतात. चाला आपून."

"मले कायचा फोन समजते वं?"

"मले समजते ना."

रविवारी दोघं गेले. हॉलमध्ये पंखे कमी आणि माणसं जास्त. पापडवाली होती, सायकल दुरुस्तीवाला होता, औषधी पानपिंपरीचा एक व्यापारी होता, आणि फुकट नाश्त्याचा वास लागलेले चारदोन जण तर होतेच. अकोल्याहून श्याम सर आले होते. पांढरा शर्ट, हातात माईक, कपाळाला घाम. माणूस वाईट नव्हता. तळमळीनं बोलत होता, फक्त त्याला ऐकणाऱ्यांच्या हाताला पडलेले घट्टे दिसत नव्हते.

"तुमचा धंदा फोनमध्ये दिसत नसेल, तर तो नाहीच असं समजा," सर म्हणाले.

रहीमनं आपल्या दोन्ही हातांकडे पाहिलं.

सरांनी पुष्कळ सांगितलं. गाडीवर मोठ्या अक्षरांत नंबर लिहा. फोनमधल्या नकाशावर आपली जागा टाका. गिऱ्हाइकाकडून चांगले चार शब्द लिहून घ्या, चांदण्या घ्या. मेसेजला पाच मिनिटांत उत्तर द्या. गावोगावच्या ग्रुपवर आठवड्यातून एकदा तरी काहीतरी टाका. तुबा वहीत भराभरा लिहून घेत होती. रहीमला तिच्या अक्षराचं कौतुक वाटलं आणि आपल्याला यातलं काही जमणार नाही याची भीतीही वाटली. शेवटी त्यानं हात वर केला.

"सर, मी पिंजारी. माह्यापाशी दुकान नाही, माल नाही. जे आहे थे गिऱ्हाइकाच्या घरातलं. मी फोटो कायचा टाकू?"

हॉलमध्ये हशा झाला. सर हसले नाहीत. उलट त्यांचा चेहरा उजळला.

"काका, तुमच्यासारखा सोपा धंदा नाही! आधीचा आणि नंतरचा फोटो टाका. फाटकी, मळकी गादी एका बाजूला. तीच गादी, नवी, फुगलेली, दुसऱ्या बाजूला. एक शब्द लिहायची गरज नाही. लोकांना फरक दिसला पाहिजे, बस."

समोसा आणि प्रमाणपत्र घेऊन बापलेक घरी आले. तुबानं प्रमाणपत्र भिंतीला चिकटवलं. ॲपेच्या मागं तिनंच लाल रंगानं लिहिलं, "रहीम गादी-रजई, घरपोच पिंजाई," आणि खाली नंबर. नकाशावर घराची खूण टाकली. त्या खुणेवरून पंधरा दिवसांत एकच माणूस आला. त्याला शेजारच्या गल्लीतल्या डॉक्टरकडे जायचं होतं. फोन दिवसभर उशाशी, पण तो वाजायचा तो कंपनीचाच. रहीमला त्याची इतकी सवय लागली की नमाजाला उभा राहिला तरी कान खिशाकडे असायचा, आणि मग त्याला स्वतःची लाज वाटायची.

फोटो टाकायचा तर गादी तर हवी. तीच नव्हती.

मार्च उतरता उतरता बोरखडीच्या लीलाबाईचा फोन आला. बोरखडीच्या पुंजारामची ही बायको. चार एकर काळी जमीन, एक मुलगी, प्राजक्ता. तिचं लग्न दर्यापूरकडे ठरलं होतं. रहीम या घरी वीस वर्षांपासून जात होता.

"रहीमभाऊ, दुपारी या. लोकं वावरात असतात तवा. अन् गाडी समोर नोका लावू, मांगं गोठ्यात घ्या," ती हळू आवाजात म्हणाली.

हमिदाला त्या दिवशी ताप होता, म्हणून टाके घालायला तुबा आली. गोठ्यात बैल नव्हते, ते आधीच विकले गेले होते. रिकाम्या दावणीजवळ पुंजाराम उकिडवा बसला होता. त्यानं रहीमला नुसती मान हलवली.

लीलाबाईनं आणि प्राजक्तानं मिळून घरातून गादी ओढत आणली. रहीमनं ती ओळखली. समोरच्या ओसरीत खाटेवर हीच असायची. हिरव्या लुगड्याची खोळ, त्यावर पिवळ्या कोयऱ्या. मधोमध चहाचा मोठा डाग.

"हे माह्या लग्नातली," लीलाबाई म्हणाली. "माह्या बापाच्या वावरातला कापूस आहे यात. अठ्ठावीस वर्सं झाले. हेच पिंजून पोरीले भरून द्या. खोय नवी आनली आहे मी, लाल साटनची."

रहीमनं खोळीवरून हात फिरवला.

"वावरात काहीच नाही निंगालं, भाऊ. दुकानातली घेतली असती तं त्याईनं साक्षगंधातच सांगून ठेवलं, आमाले फोमबिम नोको, घरच्या नव्या कापसाचीच पायजे. आता कोठून आनू घरचा कापूस?" तिचा आवाज फुटला. "जुन्या गादीवर पोरीले धाडली हे कोनाले समजलं तं जिवंतपनी मेल्यासारखं होईन. हे आपल्यातच राहू द्या."

रहीमनं तोंडावर बांधायचं फडकं हातात घेतलं होतं. ते दाखवून तो म्हणाला, "वयनी, तीस वर्सं झाले तोंड बांधूनच बसलो आहे ना मी? मंग?"

लीलाबाई पहिल्यांदा हसली.

त्यानं खोळ उसवली. आतला कापूस गोळ्या-गोळ्यांनी दबून पिवळा पडला होता, पण धागा लांब होता. जुन्या वाणाचा, असा कापूस आता येतच नव्हता. ऊन पत्र्यावर भाजत होतं. मशीन सुरू झाल्यावर गोठाभर तंतू उडायला लागले, घामाला चिकटायला लागले, पापण्यांवर बसायला लागले. एकदा पिंजून रंग फारसा बदलला नाही. दुसऱ्यांदा बदलला. "तिसऱ्या खेपीले पाहा," तो म्हणाला आणि ताडपत्रीवरचा सगळा ढीग पुन्हा एकदा मशीनमध्ये घातला. खोकला आवरत नव्हता, तरी हात थांबले नाहीत. कापूस फुलून गुडघाभर आला. पुंजाराम उठून जवळ आला, त्यानं चिमूटभर कापूस उचलून बोटांत चोळला आणि पुन्हा दावणीजवळ जाऊन बसला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते तंतूंमुळं आलं असं दाखवायला त्यानं उपरण्यानं तोंड पुसलं.

भरून, काठीनं सारखी करून, तुबानं टाके घातल्यावर ती लाल गादी अशी दिसली की प्राजक्तानं तिच्यावर गाल टेकवला.

काम अप्रतिम झालं होतं, आणि घोळ तिथंच झाला. कित्येक महिन्यांत हाताला आलेलं ते पहिलं काम. रहीमला ते कोणाला तरी दाखवावंसं वाटत होतं. पिंजायच्या आधी, लीलाबाई नवी खोळ आणायला आत गेली होती तेव्हा तुबानं विचारलं होतं, "अब्बा, काढू का एक फोटो?" तेव्हा त्यानं क्षणभर विचार केला होता आणि म्हणाला होता, "काढ. पन तोंड कोनाचंच नोको येऊ देऊ. घर नोको, दार नोको. निरी गादी." त्याला वाटलं, तोंड नाही तर नाव नाही. नाव नाही तर गोष्ट नाही. नंतरचा फोटोही तसाच निघाला. निव्वळ लाल गादी, मागं गोठ्याची मातीची भिंत.

दुसऱ्या दिवशी तुबानं दोन्ही फोटो जोडून ग्रुपांवर टाकले. "आधी" आणि "नंतर" एवढंच लिहिलं.

संध्याकाळपर्यंत फोन गरम झाला. अंगठे आले, "एकच नंबर" आलं, आणि खरोखरचे फोन आले. परतवाड्याहून एक, दर्यापूरहून दोन, पथ्रोटहून एक. ज्यांच्याकडे नवा कापूस नव्हता अशी सगळी घरं त्या फोटोची वाटच पाहत असावीत. "जुनीची अशी होते का हो?" सगळे हेच विचारत होते. तुबानं वहीत तारखा टाकल्या. लगीनसराई संपेपर्यंतचा एकही दिवस मोकळा राहिला नाही. रहीमनं बाजारातून पाव किलो जिलेबी आणली. किती महिन्यांनी त्या घरात गोड आलं होतं.

हमिदानं जिलेबी हातात धरली आणि विचारलं, "लीलाबाईले इचारलं होतं का?"

"त्यात तोंड कोठी आलं तिचं?"

"तोंड नाही आलं. खोय आली ना."

"खोय सगळ्याइच्याच घरी राह्यते."

हमिदानं हातातली जिलेबी परत ताटात ठेवली. तिनं आयुष्यभर खोळीच शिवल्या होत्या. कोणतं लुगडं कोणत्या घरचं हे तिला झोपेतही सांगता आलं असतं, आणि गावातल्या प्रत्येक बाईलाही. रहीमला हे ठाऊक नव्हतं असं नाही. त्याला त्या दिवशी ते आठवून घ्यायचं नव्हतं. इतक्या दिवसांनी फोन वाजत होता.

लग्न अखजीच्या आदल्या आठवड्यात होतं. आंदणाची गादी भरणाऱ्या पिंजाऱ्याला मांडवात बोलवून टॉवेल-टोपी द्यायची बोरखडीत रीत होती. रहीम पांढरा झब्बा घालून गेला, हमिदा धुतलेल्या बुरख्यात. ऊन इतकं होतं की मांडवाचं कापडही वास मारत होतं. एका बाजूला आंदण मांडलं होतं. कपाट, भांडी, शिलाई मशीन, आणि खाटेवर लाल गादी. रहीमला लांबूनच ती दिसली आणि बरं वाटलं. पुंजारामनं त्याला हात धरून पुढं नेलं, खुर्चीवर बसवलं.

टॉवेल-टोपीचं ताट आलं तेवढ्यात नवरदेवाची आत्या गोदाबाई उठली. जाडजूड बाई, हातात फोन. ती आंदणाजवळ गेली, गादी दाबून पाहिली आणि मोठ्यानं म्हणाली, "विहीनबाई, हे गादी नव्या कापसाची आहे ना?"

लीलाबाईच्या हातात ओवाळायचं ताट होतं. "हो," ती म्हणाली.

"मंग हे काय आहे?" गोदाबाईनं फोन वर धरला. "माह्या भाचीनं धाडला मले. आधी अन् नंतर! हिरवी खोय, कोयऱ्याची. हा चहाचा डाग पाहा. साक्षगंधाच्या दिवशी माह्याच हातून बशी लवंडली होती या गादीवर. माह्या हातचा डाग मी ओयखत नाही का?"

फोन हातोहात फिरायला लागला. फोटो पाहून माणसं गादीकडे पाहत, गादी पाहून फोटोकडे. मांडवातल्या अर्ध्या बोरखडीला माहीत होतं की या वर्षी कोणाच्याच घरात पहिला वेचा उरलेला नाही. पण ते सगळे चपलांकडे पाहत बसले.

"जुन्याची नवी करून देता? आमच्या पोराले?" गोदाबाई म्हणाली. "कैची आना. उसवा. पाहू द्या सगळ्याइले."

कोणीतरी खरंच कात्री आणून दिली. तुबानं घातलेले टाके कटकट तुटले. गोदाबाईनं मूठभर कापूस ओढून बाहेर काढला आणि उन्हात धरला. गोठ्यात पांढरा दिसलेला तो कापूस भर उन्हात पिवळसर दिसला. बोहल्यावर अंतरपाट धरायचा होता, तो तसाच घडी घातलेला राहिला. प्राजक्ता मुंडावळ्यांतून आईकडे पाहत होती. लीलाबाईच्या हातातल्या ताटात निरांजनाचं तूप हळदीकुंकवात सांडत होतं.

"तुमीच भरली ना हे?" गोदाबाई रहीमकडे वळली. "तुमीच सांगा. बाईनं तुमाले नवा कापूस देला का जुना?"

रहीम उभा राहिला. आपण काय करून बसलो हे त्याला पहिल्यांदाच पुरतं दिसलं. या बाईनं त्याच्याकडे एकच गोष्ट मागितली होती, आणि ती त्यानं चाळीस गावांना वाटली होती.

"नवा देला होता," तो म्हणाला.

"मंग हा कोठून आला?"

"बाईनं दोन कामं सांगतले होते. जुनी गादी घरच्यासाठी पिंजायची, अन् नव्या कापसाची पोरीसाठी भरायची. बाई आत गेल्ती खोय आनाले. मी जुना यात भरला. नवा मी नेला."

"म्हनजे?"

"म्हनजे बदलला. चोरला."

हमिदाच्या तोंडातून बारीक आवाज निघाला. तिनं बुरख्याचं टोक दातांत धरलं.

मग मांडवाला कंठ फुटला. चोर आहे, पहिल्यापासून वाटत होतं, यांना घरात घ्यायलाच नको. ज्यांच्या घरच्या गाद्या त्यानं बापाच्या वेळेपासून भरल्या तेच जास्त ओरडत होते. आणि सगळे पुंजारामकडे पाहत होते, कारण ज्याचा कापूस चोरला गेला त्यानं काहीतरी करायला हवं होतं. पुंजाराम उठला. तो रहीमसमोर आला. दोघांची नजर एकदा भेटली. मग त्यानं रहीमच्या थोबाडीत मारली.

मार हलका होता. पण मारल्यावर पुंजारामनं तो हात दुसऱ्या हातानं धरून ठेवला.

"आठ दिवसांत नवी भरून देतो," रहीम गोदाबाईला म्हणाला. "तुमच्या अंगनात, तुमच्या डोयासमोर. पोरीचं लगीन नोका थांबवू. तिचा काय कसूर?"

लग्न लागलं. रहीम आणि हमिदा ॲपेपर्यंत चालत गेले तेव्हा मागं मंगलाष्टकं सुरू झाली होती. टॉवेल-टोपीचं ताट खुर्चीवरच राहिलं.

त्यानं शब्द पाळला. अकोल्याहून नवी रुई आणली आणि दर्यापूरकडच्या त्या गावात जाऊन गोदाबाईच्या अंगणात गादी भरली. गोदाबाई तीन बायकांना घेऊन समोर बसली होती. रहीम पाणी प्यायला उठला तरी एक जण ताडपत्रीजवळ उभी राहायची. प्राजक्ता दारात आली. तिनं त्याच्याकडे पाहिलं आणि सासूनं हाक मारताच आत गेली.

वहीतल्या उरलेल्या तारखा एकेक करून गळाल्या. परतवाड्याचा माणूस म्हणाला, घरात आजारपण आहे. पथ्रोटच्या बाईनं फोन उचललाच नाही. नकाशावरच्या त्यांच्या घराखाली लोक लिहायला लागले. एक चांदणी, "कापूसचोर." एक चांदणी, "मुलीच्या आंदणात फसवलं, सावध राहा." लिहिणाऱ्यांतल्या बहुतेकांनी त्याला कधी पाहिलेलंही नव्हतं. तुबाला ते पुसता येत नव्हतं. ती रोज ते उघडून वाचायची आणि रडायची.

"अब्बा, मी लिहू का खरं? सगळं लिहितो. फोटो, गादी, लगीन, सगळं."

"अन् मंग प्राजक्ता तिथं कशी नांदीन?"

"अन् आपलं?"

रहीम खोकला. बराच वेळ खोकत राहिला. "फोटो काढ म्हनून कोन म्हनलं होतं, तुबा? मीच ना?"

तुबानं भिंतीवरचं प्रमाणपत्र काढून टाकलं. त्याच्या मागचा रंग तेवढा स्वच्छ राहिला होता.

मे संपत आला. जिनिंग बंद होती, पण अकोल्यात एका गोदामात बोरे उचलायला माणूस हवा होता. रहीमनं होकार कळवला. मशीन न्यायला भंगारवाला सोमवारी येणार होता. रविवारी दुपारी रहीम ॲपेच्या हौद्यात बसून मशीनचे नट सैल करत होता. ते गंजले होते, निघत नव्हते. गल्लीतल्या लोकांना काय चाललंय ते माहीत होतं, म्हणून जो तो आपापल्या दारात उभा राहून पाहत होता.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक बाई दिसली. डोक्यावर भलीमोठी गादी दोरीनं बांधलेली, चालताना दोन्ही भिंतींना घासत होती. जवळ आली तेव्हा कळलं, लीलाबाई आहे. बोरखडीहून एसटीनं आली असावी. चेहरा लालबुंद, पदर घामानं चिकटलेला. तिनं गादी ॲपेजवळ टाकली. तीच लाल गादी होती. लग्नातून परत आलेली, एका बाजूनं उसवलेली.

हमिदा धावत बाहेर आली. रहीम पाना हातात धरून तसाच बसून राहिला. महिनाभरात बोरखडीचं कोणी त्याच्या वाऱ्याला उभं राहिलं नव्हतं.

"रहीमभाऊ," लीलाबाई म्हणाली. आवाज मोठा होता, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल इतका. "हे पिंजून द्या. दोन रजया करा. माह्या बापाच्या वावरातला कापूस आहे, आता असा कापूस भेटत नाही. हे माह्यासाठी सोन्यासारखं आहे."

"वयनी, मशीन तं उद्या..."

"उद्याचं उद्या."

हमिदानं घरातून पोतं आणून ताडपत्रीजवळ टाकलं. गिऱ्हाइकानं बसायचं पोतं. लीलाबाईनं त्या पोत्याकडे पाहिलं, मग दारादारांतून पाहणाऱ्या माणसांकडे पाहिलं. तिनं पोतं उचललं, घडी घातली आणि हमिदाच्या हातात परत दिलं.

"मी नाही बसत. बाजारात काम आहे मले. सांजच्याले येतो न्याले."

"वयनी, कापूस..." रहीम हौद्यातून खाली उतरला.

"कापूस तुमच्यापाशी राह्यते," ती म्हणाली, आणि मागं वळून न पाहता गल्लीतून निघून गेली.

ती वळणावर दिसेनाशी झाली. मग रहीमनं सैल केलेले दोन नट पुन्हा आवळले. तुबाला वायर लावायला सांगितली. आणि डोळे कोणाला दिसू नयेत म्हणून खाली वाकून, तोंडावर फडकं बांधलं.